चव्वेचाळीस वर्षांनी आलेला चषक

संस्था टिकते ती पराभवावर. विजय एका संध्याकाळी संपतो. पराभवाची चौकशी वर्षभर चालवता येते. तंजावुरातल्या मराठी बॉल बॅडमिंटन मंडळाला हे तत्त्व १९५१ साली, स्थापनेच्या महिन्यातच उमगलं, आणि त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं जिल्हा चषक जिंकण्याचा अविचार मंडळाने एकदाही केला नाही.

खेळ पाच जणांचा. पिवळा लोकरीचा चेंडू जमिनीला टेकायच्या आत जाळीपलीकडे टोलवायचा, झालं. संघ निवडणंही सोपं होतं: जुन्या पाच घराण्यांतून एकेक माणूस. (खेळता येणं ही पात्रता होती, पण सक्तीची नव्हती.)

कर्णधार शेषगिरीराव, वय त्रेपन्न, नोकरी कालवे खात्यात. मैदानावर चोवीस वर्षं त्यांच्या डाव्या हाताला रघुराम, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, जयलक्ष्मीबाईंचा, धाकटा भाऊ. दोघांचा एकमेकांवर भारी जीव. अडचण होती ती आदराची. चेंडू दोघांच्या मधोमध आला की रघुराम म्हणायचा, "भावजी, तुम्ही घ्या." शेषगिरीराव म्हणायचे, "छे छे, तू घे की रे." तोवर चेंडू जमीन घ्यायचा. मंडळाच्या दफ्तरात गमावलेल्या गुणांची आकडेवारी आहे: वारा बावीस टक्के, पंच एकोणीस टक्के, सौजन्य एकोणसाठ टक्के.

हरल्यावर रीतसर सभा भरे. शेषगिरीराव "यंदा थोडक्यात हुकलं" हे भाषण करत आणि सगळे केसरी, म्हणजे तिकडचा केशरी शिरा, खाऊन घरी जात. पण मनातल्या मनात या माणसाला तो चषक हवा होता हो! एकदाच, आणि जिवंतपणी.

१९९५ साली देशात उदारीकरण चांगलंच मुरलं होतं, आणि जुन्या बसस्टँडजवळ कंप्युटरवर लग्नपत्रिका करून देणारं दुकान निघालं होतं. शेषगिरीरावांची मुलगी दिव्यश्री हिचं लग्न ठरलं, आणि त्यांनी हौसेने पत्रिका तिथेच छापायला टाकली. पूर्वीच्या छापखान्यातल्या म्हाताऱ्याला गावातला प्रत्येक मानपान पाठ होता. यंत्राने आप्तांची नावं सरळ वर्णानुक्रमे लावली. मुलीचा सख्खा मामा सतराव्या ओळीत गेला, नवऱ्या मुलाच्या बँकेतल्या शिपायाच्या खाली.

रघुराम पत्रिका घेऊन आला. "भावजी, मी सतरावा काय?"

इथे "चुकलं बाबा" म्हटलं असतं तर ही कथा उरली नसती. पण शेषगिरीरावांच्या अंगात त्या दिवशी आधुनिकता संचारली होती. "कंप्युटर चुकत नाही रे. त्याला नातं कळत नाही, अक्षरं कळतात."

"सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणून रघुराम समोरची कॉफी तशीच ठेवून निघून गेला. (तंजावुरात कॉफी न पिता उठणं म्हणजे राजदूत परत बोलावणं.)

पाचव्या दिवशी जिल्हा चषकाचा अंतिम सामना. नेहमी एका स्कूटरवरून येणारे दोघे दोन स्कूटरींवरून आले. चेंडू मधोमध आला आणि कुणी कुणाला विचारलं नाही! विचारायचं तर बोलावं लागलं असतं. जो आधी पोचला त्याने हाणला. रघुराम तर समोरून पत्रिकाच येते आहे अशा त्वेषाने टोले मारत होता. उरलेले तिघे भीतीने गप्प, म्हणून तेही खेळले. एकोणतीस-सतरा, एकोणतीस-एकवीस. मन्नारगुडीचा संघ चकित होऊन हरला.

चषक हातात आला तेव्हा शेषगिरीराव सवयीने डावीकडे वळले. डावीकडे कोणी नव्हतं. रघुराम वीस पावलांवर पाठमोरा उभा राहून पिशवीची चेन लावत होता. चव्वेचाळीस वर्षांची वाट, आणि "बघ रे" म्हणायला माणूस नाही.

मंडळाने विजयाची शास्त्रशुद्ध कारणमीमांसा केली. सचिव तुळजाराम यांनी ठराव मांडला: 'विजयास कारणीभूत झालेला अबोला राज्य स्पर्धेपर्यंत, म्हणजे सात आठवडे, जतन करण्यात यावा. अपरिहार्य निरोप सचिवांमार्फत लेखी द्यावेत.' ठराव एकमताने मंजूर झाला. (दोघांनी मत दिलं नाही, हात वर करताना नजरानजर झाली असती.)

पेच एवढाच की लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं, आणि मुलीला मांडवात आणायचं ते मामाने. उपसमितीने तोडगा काढला: मामाने मुलीला आणावं, मात्र बापाकडे पाहू नये.

जयलक्ष्मीबाई मंडळाच्या सभासद नव्हत्या, त्यामुळे त्यांना बोलता आलं. "अय्यो, तुमचा कप घाला चुलीत! माझा भाऊ तोंड फिरवून मांडवात येणार? मग तो मांडवच नको मला. सात आठवड्यांनी बोलेल म्हणे! अशी सुरू झालेली भांडणं वीस-वीस वर्षं चाललेली बघितली मी याच गावात."

शेषगिरीराव दोन दिवस चषकासमोर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक कोरा कागद घेतला, आप्तांची सगळी नावं हाताने नव्याने लिहिली, तमिळ अक्षरांत (दोघांनाही बाळबोध, म्हणजे देवनागरी लिपी, वाचता येत नाही), रघुरामचं सगळ्यांच्या वर, आणि चालत त्याच्या घरी गेले.

"कंप्युटरचं काही चुकलं नव्हतं रघू. मी चुकलो."

रघुरामने कागदावरचं पहिलं नाव वाचलं. "आत या, भावजी," तो म्हणाला, आणि मग दोघेही घरातल्या बायकांसमोर रडले.

मामाने भाचीला मांडवात आणलं. राज्य स्पर्धेत मंडळ पहिल्याच फेरीत एकोणतीस-चार, एकोणतीस-सहा असं हरलं. 'पूर्वपरवानगीविना समेट' या कलमाखाली शेषगिरीरावांचं कर्णधारपद गेलं. हल्ली दोघे रोज संध्याकाळी कडेच्या बाकावर बसून नव्या संघाची टवाळी करतात.

नवा संघ घराण्यांतून घेत नाहीत. पात्रता एकच: सख्ख्या माणसाशी किमान तीन वर्षांचा अबोला, कारण क्षुल्लक असल्यास प्राधान्य. पहिल्याच आठवड्यात दोनशे बारा अर्ज आले.

वाचकहो, तुमचा अर्ज अजून आलेला नाही. पात्रतेबद्दल मंडळाला शंका नाही. तुम्हाला ते नाव आत्ता, या ओळीवरच आठवलंय. अर्जात एक रकाना मात्र रिकामा ठेवता येत नाही: एवढी वर्षं न बोलून तुम्ही कोणता चषक जिंकलात?