जरा जास्तच ग्लायकॉल

घर तापवणारा हीट पंप कण्हायला लागला तेव्हा बाबा कोट घालून, रेडिएटरला पाठ लावून चहा पीत बसले होते. रेडिएटर त्यांच्या पाठीपेक्षा गार होता.

आई गेल्यापासून घर तसंही गारच होतं. बाबांना कुणी ठेवून घ्यायचं यावरून दोघा भावांचं वाजलं. "तुझ्याकडे खोली आहे," "तुझ्याकडे वेळ आहे," असं करता करता दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं, आणि बाबा होते तिथेच राहिले.

थंडीच्या तोंडावर मेकॅनिकने बजावलं होतं, "वीज गेली की पाइपातलं पाणी गोठतं आणि बाहेरचं यंत्र फुटतं. पाण्यात ग्लायकॉल घाला. एक कॅन पुरे." बाबांनी हा निरोप दोन्ही मुलांना फोनवर कळवला.

थोरल्याला खात्री होती, धाकटा नुसता 'हो हो' करेल. धाकट्याला खात्री होती, थोरला सल्ला देईल, हात काही लावणार नाही. दोघांकडे घराची किल्ली होती. बाबांसमोर बसून चार शब्द बोलायचा धीर मात्र दोघांकडे नव्हता. म्हणून बाबा फिरायला गेले की एकेक जण गुपचूप आला, पंपाच्या खालच्या तोटीतून तेवढं पाणी सोडलं, वरच्या टाकीत कॅन ओतला आणि रिकामा कॅन घेऊन चोरासारखा निघून गेला.

आणि आता घरात बर्फ पडायचा तेवढा बाकी होता. बाबांनी फोन केला, "गारठून चाललोय रे," आणि दोघेही धावत आले. दारातच गाठ पडली.

"मी ग्लायकॉल घातलं होतं," थोरला बाबांकडे बघून म्हणाला.

"मीपण घातलं होतं," धाकटाही बाबांकडेच बघून म्हणाला.

"याला विचारा, मला का नाही सांगितलं?"

"बोलत होता का हा माझ्याशी?"

जास्तीचं काढून टाकू म्हणून थोरल्याने खालची तोटी फिरवली. ती जुनी तोटी हातातच आली. गुलाबी, चिकट धार थेट त्याच्या विजारीवर. तो घसरला, धाकट्याने त्याला दंडाला धरलं.

"सोड मला!"

"सोडलं तर आपटशील!"

सोडलं नाही, तरी आपटला. फक्त एकट्याऐवजी दोघे आपटले. बाबांनी मधला कॉक बंद केला आणि फडकं आणायला गेले.

मेकॅनिक येईपर्यंत तिघे स्वयंपाकघरात ओव्हनचं दार उघडं टाकून, आईच्या मोठ्या रजईत शिरून बसले. मुलांच्या अंगावर बाबांचे पायजमे होते, घोट्याच्या बरेच वर.

"आई असती तर आपल्याला बाहेरच उभं केलं असतं," धाकटा म्हणाला.

"तुला नाही. मला," थोरला म्हणाला. रजईतून मात्र कुणी उठलं नाही.

मेकॅनिकने द्रवाचा एक थेंब प्रमाण मोजायच्या, छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्राच्या काचेवर टाकून पाहिला. मग पुन्हा पाहिला.

"यात पाणी कुठाय? हा नुसता पाक झालाय! पंपाने ढकलायचा कसा? तुम्ही म्हणता त्या दोन कॅननी एवढं होत नाही."

भावांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं. बाबांनी चष्मा पुसायला घेतला.

"एक मी ओतला," ते म्हणाले. "कुणी आलेलं दिसलं नाही. म्हटलं, येणारही नाही कुणी."

दोघांच्याही माना खाली गेल्या.

मेकॅनिकने नवी तोटी बसवली, बरंचसं ग्लायकॉल काढून पाणी भरलं. पंपाचं कण्हणं थांबलं, रेडिएटर हळूहळू कोमट झाला.

"मिश्रण आता अगदी बरोबर आहे," तो हत्यारं आवरत म्हणाला. "पाच वर्षं इकडे बघायला नको."

"सुटलो," असं म्हणत दोघे भाऊ वाळत घातलेल्या विजारी चाचपायला गेले.

बाबा मेकॅनिकला दारापर्यंत सोडायला गेले. मागे एकदा वळून बघत त्यांनी दबक्या आवाजात विचारलं,

"यापेक्षा जरा कमी टिकणारं नाही का मिळत?"