आनंदरावांची गळकी गाडी

लीलाबाईंनी अंगण सारवून हात धुतले न धुतले तोच त्यांची नजर गाडीखाली गेली. तिथूनच त्यांनी हाक मारली, "अहो, बाहेर या! तुमच्या लाडकीनं पुन्हा घाण केली!"

आनंदराव चहाचा कप घेऊनच धावले. ताज्या शेणावर, पुढच्या चाकापाशी, तेलाचा काळपट डाग पसरला होता. उत्रोलीत त्यांच्या आळीत आलेली ही पहिली गाडी. आता तिच्या रंगाचे पोपडे निघाले होते, पण आनंदरावांचा जीव तिच्यातच अडकलेला.

"रविवारपतुर गळती थांबली तर ठीक," लीलाबाई म्हणाल्या, "न्हाईतर स्वरूपला देऊन टाकायची."

स्वरूप हा लीलाबाईंचा मावसभाऊ. त्याचं पानशेतला हॉटेल होतं. त्याला गाडी चालवायची नव्हतीच. बॉनेट कापून त्यात शेवंतीच्या कुंड्या ठेवायच्या, म्हणजे पुण्याची माणसं शेजारी उभं राहून फोटो काढतील, असा त्याचा बेत होता. तो ऐकल्यापासून आनंदरावांना जेवण गोड लागत नव्हतं.

त्यांनी किकवीच्या बंडू मिस्त्रीला गाठलं. बंडूनं गाडीखाली मुंडी घातली आणि तिथूनच निकाल दिला, "पॅकिंग गेलंय." पॅकिंग बदललं. दुसऱ्या दिवशी डाग हजर. "मग सील असंल." सील बदललं. डाग जागच्या जागी. शेवटी बंडूनं इंजिनातली ऑईल बघायची काडी काढली, पुसली, पुन्हा बुडवली आणि डोकं खाजवलं.

"राव, ऑईल तर थेंबभर कमी न्हाई. मग गळतंय ते येतंय कुठनं? एक करा. इंजिनावर, चाकापाशी, सगळीकडं पीठ भुरभुरा. जिथं ओलं दिसंल तिथं गळती."

शनिवारी संध्याकाळी आनंदरावांनी डब्यातलं तांदळाचं पीठ गाडीवर उधळलं. "माणसांच्या भाकरीला पीठ पुरंना आन् ही बया पीठ खातीया," असं म्हणत लीलाबाई आत गेल्या.

रविवारी सकाळी दोघं बघायला आले, तर इंजिनावरचं पीठ कोरडं ठणठणीत. पुढच्या एका चाकाच्या मागे मात्र पिठाचे ओले गोळे झाले होते आणि घरच्या कोंबड्या ते अधाशासारख्या टिपत होत्या.

लीलाबाई थबकल्या. "कोंबड्या कधी इंजिनाचं ऑईल खात्यात व्हय?" त्यांनी चिमूटभर पीठ उचलून नाकाशी नेलं. "अहो, हे तर माझं करडईचं त्याल! तरीच म्हणलं बरणी कशी रिकामी होतीया!"

तेवढ्यात आनंदरावांचे वडील गेनूआबा घरातून तेलाची वाटी घेऊन आले. त्यांचा सगळा जन्म बैलगाडी हाकण्यात गेलेला. ते सरळ दुसऱ्या चाकाकडे गेले, मागे हात घातला आणि धार सोडली.

"आबा! हे काय करताय?"

"वंगण घालतूय. रोज घालतू, तू उठायच्या आदी. चाक कोरडं राह्यलं की आस जळतू. तू घाटातनं जातूस, येतूस. तुला कुठं ध्यान असतंय?"

आनंदरावांना आधी हसू आलं. बैल विकल्यापासून आबा दिवसभर ओट्यावर बसून असायचे. घरातल्या कुणीही त्यांना एक काम सांगितलं नव्हतं, हे आनंदरावांच्या आत्ता ध्यानात आलं आणि त्यांना फार वाईट वाटलं.

"आबा, ह्या गाडीला तिथं त्याल चालत न्हाई. ब्रेक लागायचे न्हाईत," ते हळू आवाजात म्हणाले.

आबांनी वाटी झटकन मागे घेतली. "मंजी म्या तुला घाटात..."

"काय झालं न्हाई, मामंजी," लीलाबाई घाईनं म्हणाल्या. "बंडू आजच्या आज धुऊन दील."

एवढ्यात स्वरूपचा टेम्पो दारात येऊन थांबला. त्यानं उतरताच विचारलं, "ताई, गाडी गळत न्हाई ना? हॉटेलापुढं नवी पांढरी फरशी बसवलीया."

आनंदराव खोटं न बोलणारा माणूस. "न्हाई, आता तर सापडली..." इथवर ते आले आणि लीलाबाई मध्ये पडल्या.

"लई गळती! मिस्त्री थकला, पण थांबंना. तुज्या फरशीचं वाटुळं हुईल, बाबा. कुंड्यांला दुसरं कायतरी बघ."

स्वरूप चहा पिऊन रिकामा टेम्पो घेऊन गेला. आबा अजून वाटी धरून उभेच होते.

"मामंजी," लीलाबाई म्हणाल्या, "गाडीच्या दारांच्या बिजागऱ्या लई कुरकुरत्यात. तिथं घालत जावा. रोज."

आबा लगबगीनं दाराकडे वळले. आनंदरावांनी बायकोला हळूच विचारलं, "आन् अंगण?"

"अंगणाचं काय," लीलाबाई म्हणाल्या, "ते रोज सारवायचंच असतंय."