मानाचा रिव्हर्स

"ड्रायव्हर? ड्रायव्हर कशाला हवाय? मी काय मेलोय?"

गुरुदत्तराव टिपणिसांनी ही गर्जना तोंडात पोहे असताना केली. त्यामुळे दोन शेंगदाणे उडून थेट व्याह्यांच्या बशीत पडले. व्याही दौलतराव मोठ्या मनाचे! त्यांनी ते आपलेच समजून खाल्ले.

दौलतराव आणि कमळाबाई म्हणजे लेक ओवीचे सासू-सासरे. लग्नानंतर पहिल्यांदाच जळगावाकडून बदलापूरला, कात्रपच्या फ्लॅटवर राहायला आले होते. कमळाबाईंनी साठीपर्यंत समुद्र पाहिला नव्हता आणि परवा सकाळी त्यांची परतीची गाडी होती. नवऱ्याबरोबर, अनीशबरोबर बंगळुरूला राहणाऱ्या ओवीने फोन करून बजावलं होतं, "बाबा, समुद्रावर न्या, पण ड्रायव्हर घेऊन!" आणि नेमकं तेच गुरुदत्तरावांना लागलं.

"विहीणबाई, उद्या समुद्र!" त्यांनी जाहीर केलं. "कर्जत, खोपोली, पेण, अलिबाग, मग किनाऱ्याकिनाऱ्याने खाली, आणि रोह्यावरून घरी. एकदम गोल!"

यातला 'गोल' शब्द त्यांनी जरा जोर देऊन उच्चारला. त्याला कारण होतं. कुणाला सांगू नका, पण गुरुदत्तरावांना रिव्हर्स येत नव्हता!

आता तुम्ही म्हणाल, लायसन्स कसं मिळालं? तर त्या दिवशी जमला होता. त्यानंतर काही केल्या जमला नाही. अंबरनाथच्या कारखान्यातून अधिकारी म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी शिवमंदिराजवळच्या क्लासात गाडी शिकायला सुरुवात केली. शिकवणारे बबन सर पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "साहेब, तुम्ही पुढं बघायची माणसं. मागचं सोडून द्या!" पुढे गुरुदत्तरावांनी उल्हासनगरला जाऊन मागचा कॅमेरासुद्धा बसवून घेतला. दुकानदार हरेशने खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "साईं, अब तो बच्चा भी रिव्हर्स लेगा!" कॅमेरा होताही उत्तम. सोसायटीच्या गणपतीच्या मंडपाचा खांब आदळेपर्यंत त्यात अगदी स्वच्छ दिसत होता. ऐन आरतीत मंडप एका बाजूला कलला, आणि त्या दिवसापासून गुरुदत्तरावांनी तो गिअर मनातून काढून टाकला. शेजाऱ्यांशी बोलून पार्किंगची जागा बदलून घेतली. एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर! मंडपाच्या वेळी ब्रेक लागला नव्हता, असं त्यांनी बायकोला, वृंदाला सांगितलं होतं आणि तिला ते पटलं, अशी त्यांची समजूत होती.

पण व्याह्यांना कळलं तर? पोरीच्या सासरी नाक कापलं जाणार! पुढच्या पन्नास लग्नांत पंगतीपंगतीला हा किस्सा वाढला जाणार! त्यात दौलतराव स्वतः गाडीतले दर्दी.

"व्याही, कंटाळलात तर सांगा हो," दौलतराव म्हणाले. "मी घेतो हातात. तीस वर्षं जीप हाकलीय. रान नाही, नाला नाही, आपल्याला काय सगळं सारखंच!"

"छे छे! तुम्ही पाहुणे!" गुरुदत्तराव म्हणाले, आणि गाडीची किल्ली खिशात टाकली.

सकाळी निघाले ते झोकात. पेणपर्यंत गुरुदत्तराव गुणगुणत होते. अलिबाग मागे पडलं, डाव्या हाताला सुपारीच्या वाड्या सुरू झाल्या, आणि एका वळणावर समोर लाल-पांढरं बॅरिकेड! 'पुढे काम चालू. रस्ता बंद.' शेजारी खुर्चीवर बसलेल्या माणसाने हाताने मागे फिरा अशी खूण केली.

मागे फिरा! रस्ता एवढा अरुंद, की गाडी वळवायची तर दोनदा तरी मागे घ्यावी लागणार. इतक्यात गुरुदत्तरावांना बाजूला एक भलामोठा पिंपळ दिसला. भोवती दगडी पार, पाराभोवती मोकळी जागा. त्यांनी गाडी तिकडे घातली, पाराला अख्खी फेरी मारली आणि आल्या रस्त्याला तोंड करून बाहेर काढली.

"हे काय हो?" दौलतरावांनी विचारलं.

"प्रदक्षिणा," गुरुदत्तरावांच्या तोंडून निघून गेलं. "आमच्याकडे किनाऱ्याला जायच्या आधी घालतात."

"गाडीतून?"

"हल्ली गाडीतून."

मागच्या सीटवर कमळाबाईंनी भक्तिभावाने हात जोडले. "थांबा हो, मग एकच का? तीन तरी घाला!"

घातल्या! पारावर बसलेले दोन म्हातारे चुना मळायचे थांबले आणि गाडीबरोबर माना फिरवत राहिले. वृंदा खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते, पण रस्ताच खराब आहे, असं गुरुदत्तरावांनी मनाशी ठरवलं. काही असो, गाडी वळली होती. त्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या रस्त्याने ते किनाऱ्यावर पोचले. तिथे टेकडीवर दीपगृह होतं. पार्किंगमध्ये गाड्या दाटीने लागलेल्या बघून गुरुदत्तरावांनी गाडी लांबच्या माळरानात उभी केली. चारी बाजू मोकळ्या!

"एवढ्या लांब?" वृंदा म्हणाली.

"विहीणबाईंना वारा लागायला नको का?"

उन्हातून चालत गेले तर दीपगृहाची पायवाट बंद. दरड घसरली होती, दोरी बांधून ठेवली होती. पण दोरीपाशी उभं राहिलं तरी खाली सगळा समुद्र दिसत होता. कमळाबाईंचा पदर वाऱ्यावर फडफडत होता, तो सावरायचंही त्यांना सुचेना.

"एवढं पाणी," शेवटी त्या म्हणाल्या, "आणि पिकाला एक थेंब देता येत नाही? काय उपयोग बाई!" पण डोळे पुसत होत्या. गुरुदत्तरावांनाही भरून आलं. आता एवढं गोड झालंय तर दिवसही गोड जावो, असं त्यांना मनापासून वाटलं.

कसला गोड जातोय! दुपारी पुढच्या खाडीपाशी आले तर पूल दुरुस्तीला बंद. गुरुदत्तराव डावीकडे बघतात तो भिंत, उजवीकडे बघतात तो मासळीची वाळवण. पाठीमागे एक टेम्पो, त्याच्या मागे आठ-दहा गाड्या. सगळ्यांना एकाच बाजूला वळवत होते. जेट्टीकडे! तिथून सपाट बोटीतून गाड्या पलीकडे न्यायची सोय होती. जंगलजेट्टी म्हणतात तिला.

"वा!" दौलतराव खूश झाले. "गाडी बोटीतून! हे तर आम्ही बघितलंच नव्हतं!"

गुरुदत्तरावही खूश झाले. बोटीत सरळ चढायचं, सरळ उतरायचं. वर्तुळ शाबूत! जेट्टीवरच्या माणसाने मोकळ्या जागेत गाडी गोल फिरवायला लावली, तीसुद्धा त्यांनी ऐटीत फिरवली. गाडीची पाठ बोटीकडे झाली. मग तो माणूस ओरडला, "हां काका, आता येऊ द्या मागं! बोटीला एकच तोंड आहे. उलटी चढवायची, म्हणजे पलीकडं सरळ निघते!"

गुरुदत्तरावांच्या तोंडचं पाणी पळालं. मागे बोट. बोटीच्या दोन्ही बाजूंना खाडी. समोर टेम्पो आणि रांग. पळून जायचं तरी आधी मागे घ्यावी लागणार!

"येऊ द्या, येऊ द्या!"

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. त्याच्या मागच्यांनीही दिला. आणि त्या गदारोळात गुरुदत्तरावांना एकदम सुचलं. ते गाडीतून उतरले, पलीकडे गेले, दौलतरावांचं दार उघडलं आणि किल्ली तळहातावर ठेवून अदबीने वाकले.

"व्याही, तुम्ही मुलाकडचे. पहिल्यांदाच आलात. बोटीत गाडी चढवायचा मान तुमचा!"

दौलतरावांचा चेहरा पांढराफटक पडला. "माझा? छे छे! गाडी तुमची, मान तुमचा!"

"असं कसं? तीस वर्षं जीप चालवलीत तुम्ही!"

"म्हणून काय झालं? घरच्या माणसाच्या हातची चव वेगळी!"

"अहो, स्वयंपाक नाही हा!"

"तेच म्हणतो! आम्ही अन्नाला नाही म्हणत नाही, पण हा मान काही घेणार नाही!"

"तुम्हाला ओवीची शपथ!"

"तुम्हाला अनीशची शपथ!"

"ओ काका!" बोटीवरचा माणूस कपाळाला हात लावून ओरडला. "साखरपुडा आहे का इथं? भरती आहे तोवर चला की!"

गुरुदत्तरावांनी दौलतरावांना दंडाला धरून जेट्टीच्या कडेला नेलं. आता लपवण्यात अर्थच उरला नव्हता. घसा खाकरून, खाडीकडे बघत ते म्हणाले, "व्याही, एक सांगतो. पोरीला याचा त्रास देऊ नका. मला... रिव्हर्स येत नाही."

दौलतरावांनी गुरुदत्तरावांचे दोन्ही हात घट्ट धरले. "अहो, मग आधी बोलायचं ना! मलाही येत नाही!"

"काय? आणि तीस वर्षं जीप?"

"शेतात कुठं रिव्हर्स लागतो हो? एवढं मोठं रान! गोल फिरवली की झालं. घरचं अंगणही त्यासाठीच मोठं ठेवलंय. तुम्ही पाराला फेरी मारली ना, तेव्हाच मला संशय आला होता. म्हटलं, हा तर आपल्यातला दिसतोय!"

आणि दोघं व्याही, भर दुपारी, दहा गाड्यांचे हॉर्न वाजत असताना, एकमेकांच्या गळ्यात पडून हसायला लागले. गुरुदत्तरावांच्या छातीवरचा मोठा दगडच बाजूला झाला. इतकं हायसं त्यांना रिटायरमेंटच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"बायकांना मात्र कळायला नको," दौलतराव कुजबुजले.

"कळणं शक्यच नाही," गुरुदत्तराव म्हणाले.

"झालं का तुमचं दोघांचं?" मागून वृंदाचा आवाज आला. ती आणि कमळाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांच्या मागे बोटीवरचे चार दणकट गडी. "मी बोललेय यांच्याशी. अहो, तुम्ही गाडीत बसा, न्यूट्रलला टाका. हे समोरून ढकलतील. तुम्ही फक्त स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेकवर पाय ठेवा. एक हात सीटवर टाकून मागे वळून बघितल्यासारखं करा. मी शेजारच्या सीटवरून व्हिडिओ काढते ओवीसाठी."

"अगं, पण तुला..."

"मंडप ब्रेकमुळे पडत नसतो हो!" वृंदा म्हणाली. "बसा आता."

"आमच्या ह्यांचं तर मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं," कमळाबाई म्हणाल्या. "माझ्या माहेराहून निघताना यांनी माझ्या भावालाच गाडी काढायला लावली होती!"

गुरुदत्तराव निमूट बसले. चार गड्यांनी बॉनेटला हात लावले. गाडी हळूहळू मागे निघाली. गुरुदत्तरावांनी मान वळवली, डावा हात सीटच्या पाठीवर टाकला, भुवई किंचित वर केली. काय तो रुबाब! खरोखरच रिव्हर्स येतोय असं त्यांना क्षणभर वाटलं. खट्कन बोटीच्या पत्र्यावर चाकं चढली, एका गड्याने 'बास!' म्हटलं, ब्रेक दाबला, हुश्श! टेम्पोवाल्यानेसुद्धा टाळ्या वाजवल्या.

पलीकडे गाडी सरळ उतरली. पहिल्याच खानावळीत चौघांनी तळलेली सुरमई मागवली. व्हिडिओ कधीच घरच्या ग्रुपवर पडला होता. त्यात फक्त गुरुदत्तराव दिसत होते आणि मागची काच. खाली दौलतरावांनी लिहिलं होतं, 'आमच्या व्याह्यांसारखा रिव्हर्स अख्ख्या महाराष्ट्रात नाही.' शिवाय जोडलेल्या हातांची सहा चित्रं. गुरुदत्तरावांनी ते चारदा वाचलं आणि सोलकढीचा दुसरा पेला मागवला. नाक शाबूत, व्याही खूश, विहीणबाईंनी समुद्र पाहिला. माणसाला आणखी काय हवं असतं?

तेवढ्यात ओवीचा फोन आला. वृंदाने स्पीकरवर टाकला.

"बाबा! कमाल केलीत! अनीशने तीनदा बघितला व्हिडिओ. ऐका ना, त्याला रिव्हर्स अजिबात जमत नाही. माझ्या सासऱ्यांनी लहानपणापासून शिकवतो शिकवतो म्हटलं आणि कधी शिकवलंच नाही. तर तो सुट्टी टाकतोय. पुढच्या आठवड्यात आम्ही बदलापूरला येतोय, फक्त तुमच्याकडून रिव्हर्स शिकायला!"

दौलतरावांनी मान खाली घालून सुरमईतले काटे काढायला सुरुवात केली. सुरमईत काटे असे फारसे नसतातच.

"ये ना, ये!" गुरुदत्तराव घाईघाईने म्हणाले. "पण अगं, पुढचा आठवडा नको. रस्ता बंद आहे."

"कुठला रस्ता बाबा?"

गुरुदत्तरावांनी व्याह्यांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"सगळेच!"