पिवळ्या कोटातल्या पाहुण्याचा हात

"इटली म्हणजे दीड दिवसाचं काम आहे!" शुक्रवारी सकाळी हिल्कोनं इन्सब्रुकच्या वसतिगृहात, सामायिक स्वयंपाकघराच्या भिंतीवर वेळापत्रक चिकटवत जाहीर केलं.

वेळापत्रक कसलं, स्टेशनमास्तरनं मुजरा करावा असा कागद होता! शनिवारी सकाळची पहिली गाडी. बारा वाजून पाच मिनिटांनी पोज्जोलेतो नावाच्या खेड्यात, तिथं चर्चमधलं भित्तिचित्र बघणं आणि रेखाटणं, पन्नास मिनिटं. एक दहाच्या बसनं मांतुआ, तिथला राजवाडा, किल्ला, तळं. रविवारी व्हेरोनाचं रोमन काळातलं दगडी खुलं नाट्यगृह, दोन पूल, मनोरा. एकूण आठ ठिकाणं, आठ रंगांच्या पेनांनी लिहिलेली.

खोलीतला जोडीदार लोइस कॉफीचा पेला घेऊन बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिला. लोइस तिथलाच, तिरोलचा, डोंगरातला गडी. त्याला कशाची घाई म्हणून नव्हती.

"ह्यात जेवण कुठंय रे?"

"आहे की! खाली बघ. बारा मिनिटं, चालता चालता. पाव बांधून घेतोय."

"इटलीत जाऊन पाव बांधून?" लोइसनं कपाळाला हात लावला. "लेका, आठपैकी चार ठिकाणं जरी बघून आलास, तर महिनाभर तुझी भांडी मी घासतो."

"आणि नाही बघितली तर?"

"तर माझी तू."

"कबूल!" हिल्को म्हणाला. गडी असा काही छाती फुगवून म्हणाला की लोइसनं त्याच दिवसापासून आपली भांडी साठवायला सुरुवात केली.

भटकंती हे निमित्त होतं. खरी गोष्ट होती ते भित्तिचित्र. हिल्को शिकत होता जुन्या चित्रांची डागडुजी, आणि त्याच्या प्रोफेसर श्टोकरबाई येत्या उन्हाळ्यात हेच पोज्जोलेतोचं चित्र साफ करायला मोजकी माणसं घेऊन जाणार होत्या. सोमवारच्या निबंधावर एकच जागा ठरायची होती. जमिनीपासून पंचवीस फुटांवर मचाणात उताणं पडून चारशे वर्षांपूर्वीचा रंग कापसानं पुसायचा, हे हिल्कोचं दहाव्या वर्षापासूनचं स्वप्न. बाकीची पोरं त्या वयात फुटबॉलपटू होणार असतात. हा असला निघाला.

आता चित्रात काय होतं? लग्नाची पंगत. येशूनं पाण्याची दारू केली, ती. आणि टेबलाच्या टोकाला पिवळ्या कोटातला एक पाहुणा, उजवा हात ताटावर पालथा धरून बसलेला. त्याच्या मागं एक बाई, हातात लांब दांड्याचं काहीतरी. चित्र उंचावर, चर्च काळोखं, फोटो धूसर. त्यामुळं या हातावर विद्वानांनी शंभर वर्षं एकमेकांची डोकी फोडली होती. एक म्हणाला आशीर्वाद. दुसरा म्हणाला शपथ. श्टोकरबाईंनी तर तीनशे पानांचं पुस्तक लिहिलं होतं की हा सर्वसंगपरित्याग आहे आणि बाईच्या हातातलं ते अभिषेकाचं पात्र आहे!

तुम्ही हसताय, हसा. तुम्ही कला-इतिहास शिकला नाहीत म्हणून तुम्हाला कळलं.

हिल्कोनं बाईंच्या बाजूनं चाळीस पानं लिहून ठेवली होती. फक्त प्रत्यक्ष जाऊन हात बघायचा आणि रेखाटन जोडायचं, एवढंच उरलं होतं. "फोटोवर विसंबू नका, डोळ्यांनी बघा," असं बाईंनी बजावलं होतं.

हिल्कोविषयी आणखी एक सांगायला हवं. हा पूर्व फ्रिसलंडचा, जर्मनीच्या पार उत्तरेच्या किनाऱ्यावरचा. तिथं माणसं कमी बोलतात, कारण तोंड उघडलं की वारा आत जातो. त्याला वाढवलं आजीनं, ओमा गेशनं, आणि दोन नियमांवर वाढवलं. पहिला, ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं की उद्या ऊन पडतं. दुसरा, चहाचा. पाहुणा कपात चमचा ठेवत नाही तोवर यजमान चहा ओतत राहणार. पुरे झालं की चमचा कपात उभा करायचा, बोलायचं काम नाही. एवढ्या दोन नियमांवर माणूस जगात कुठंही तरून जातो, असं ओमाचं मत होतं. ओमा स्वतः कधी इटलीला गेली नव्हती.

तर शनिवारी बारा वाजून पाच मिनिटांनी, अगदी ठरल्या ठोक्याला, हिल्को चर्चसमोर उभा राहिला. चर्चला हे एवढं कुलूप! दारावर पाटी: चावी आर्मिदोकडे, समोरचं हिरवं दार.

हिरवं दार उघडलं ते सत्तरीच्या एका म्हाताऱ्यानं. गळ्यात रुमाल, हातात काटा. हा आर्मिदो, तिथला गुरवच म्हणा ना.

"नमस्कार काका. चर्चची चावी मिळेल का? पन्नास मिनिटांसाठी."

"मिळेल की! न मिळायला काय झालं? जेवण होऊ दे, उघडतो."

"तुम्ही जेवा, मी बाहेर थांबतो."

"बाहेर?" आर्मिदोचा चेहरा असा झाला की जणू हिल्कोनं विहिरीत उडी मारायची परवानगी मागितली. "इओले! हा पोरगा म्हणतो, आपण जेवायचं आणि ह्यानं दारात उभं राहायचं!"

आतून इओलेबाई आल्या, आर्मिदोची थोरली बहीण. उंचीला हिल्कोच्या कोपराएवढ्या. कमरेला एप्रन, एप्रनच्या नाडीला ती चावी, लाटण्याएवढी मोठी. त्यांनी हिल्कोला खालपासून वरपर्यंत बघितलं. वर पोचायला वेळ लागला.

"आई नाही का रे तुला?"

"आजी आहे."

"मग जेवायला घालत नाही? बस!"

हिल्को बसला. बसता बसता त्यानं मनात हिशोब केला: जेवण लवकर संपलं तर कुलूप लवकर उघडेल. म्हणजे भराभर खायचं! हिशोबात चूक काढायला जागा नव्हती. फक्त तो त्या घरात कुणी केलेला नव्हता.

आधी वाडगाभर कढत रस्सा आला, त्यात खिम्याच्या इवल्या इवल्या करंज्या. हिल्कोनं तीन मिनिटांत वाडगा लख्ख केला. इओलेबाईंनी रिकामा वाडगा बघितला आणि त्यांचे डोळे पाणावले.

"बघ आर्मिदो, किती दिवसांचा उपाशी आहे!"

पळी आली. वाडगा भरला. हिल्कोनं पुन्हा लख्ख केला, पळी पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला घड्याळात पाऊण वाजला होता, तेव्हा त्याला ओमाचा दुसरा नियम आठवला. रश्शाचं चार चमचे पाणी तळाशी होतं, त्यात त्यानं चमचा उभा ठेवला आणि हात मांडीवर घेऊन सज्जनासारखा बसला. म्हणजे, पुरे.

"अरे वा!" आर्मिदो खुर्चीतून उठलाच. "ह्याला आपली रीत ठाऊक आहे!" आणि त्यानं बाटली उचलून लालभडक दारू सरळ त्या रश्शात ओतली, काठोकाठ. "तळाशी रस्सा ठेवून असं वाइनची वाट बघणारी माणसं आता गावात उरली नाहीत रे. पी, एका दमात!"

हिल्को प्यायला. डोळ्यांतून पाणी आलं. आर्मिदोला वाटलं, भरून आलं पोराला.

"झालं ना काका जेवण? आता चावी..."

"जेवण? अजून कुठं बसलोय आपण?"

मग लाल भोपळ्याचं सारण भरलेले मोठे चौकोन आले, लोण्यात न्हालेले. मग भात. मग भातावर सॉसेज. एक दहाची बस खिडकीखालून हॉर्न वाजवत गेली आणि हिल्कोचा घास घशात अडकला. मांतुआचा राजवाडा गेला! किल्ला गेला! तळं गेलं!

"सावकाश रे," इओलेबाई पाठीवर थोपटत म्हणाल्या. "कुणी पळवत नाही तुझं."

त्यानं एकदा तरी ताटात टाकून बघायचं ठरवलं. खरंच ठरवलं! सॉसेजचा एक तुकडा कडेला सारला, काटा खाली ठेवला. पण तो तुकडा त्याच्याकडं बघायला लागला, अगदी ओमाच्या नजरेनं. उद्या पाऊस पडेल, तुझ्यामुळं! शेवटी हात आपोआप गेला आणि ताट पुन्हा आरशासारखं. लगेच पळी.

अडीच वाजता शेजारच्या देल्फिनाबाई अंडी परत करायला म्हणून आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"हा कोण?"

"जर्मन आहे. चौथ्यांदा भात घेतोय!"

"चौथ्यांदा?" देल्फिनाबाईंनी छातीवर क्रूस काढला. "माझ्या जावयाला दुसऱ्यांदा आग्रह करावा लागतो, मेल्याला! थांबा, घरी मटण शिजवलंय काल रात्रीपासून, वाडगाभर आणते."

"नको!" हिल्को म्हणाला. म्हणजे त्याला म्हणायचं होतं. पण तोंडात भात होता, आणि तोंडात घास असताना बोलायचं नाही हा ओमाचा तिसरा नियम.

चार वाजले. हिल्को पट्ट्याची तीन भोकं मागं सरला होता. त्याला खुर्ची, टेबल, इओलेबाई सगळं जरा लांबून दिसत होतं. शेवटची बस पाच वीसला. खिडकीतून चर्चचं दार दिसत होतं, त्यावरचं ऊन हळूहळू पायरीपर्यंत उतरलं होतं. मचाण, कापूस, चारशे वर्षांचा रंग! पोरगं मनातून रडकुंडीला आलं. आयुष्यभराचं स्वप्न वीस पावलांवर, आणि मध्ये ही बाई पळी घेऊन उभी!

तेवढ्यात बदामाचा केक आला. चाकूनं कापायचा नसतो तो, मुठीनं फोडतात. इओलेबाईंनी फोडला. हिल्कोनं एक तुकडा कसाबसा गिळला. ताट रिकामं झालं. अंड्याच्या पिवळ्या मलईनं भरलेली पळी त्याच्या खांद्यावरून पुढं यायला लागली. बोलायला तोंडात जागा नव्हती, उठायला पायांत बळ नव्हतं. काही एक विचार न करता, बुडत्यानं फळी धरावी तसा, हिल्कोनं उजवा हात ताटावर पालथा आपटला!

पळी हवेतच थांबली.

"पोट भरलं?" इओलेबाईंनी विचारलं.

हिल्कोनं मान हलवली.

"अगं बाई! मग आधी नाही का सांगायचं? चार तास आम्ही वाढतोय, तू खातोयस! मला वाटलं आता उद्याच्यालाही काही उरत नाही." त्यांनी नाडीची चावी सोडून आर्मिदोपुढं टाकली. "घेऊन जा ह्याला, झालं ह्याचं."

झालं! पुढच्या मिनिटाला कुलूप उघडलं. आर्मिदोनं शिडी लावली. हिल्को दर पायरीला थांबत, कण्हत वर चढला आणि पिवळ्या कोटातल्या पाहुण्यासमोर नाकाला नाक आलं.

फोटोत कधी न दिसलेला चेहरा प्रथमच स्पष्ट दिसला. गाल फुगलेले. डोळे बाहेर आलेले. कपाळावर घामाचे तीन थेंब, चारशे वर्षं न वाळलेले. कोटाची खालची दोन बटणं सोडलेली! आणि मागच्या बाईच्या हातात, तिच्या प्रेमळ, निर्दय हातात, ती पळी. अभिषेकबिभिषेक काही नाही, पळीतून रस्सा ठिबकत होता.

हिल्कोनं आपल्या हाताकडं बघितलं. बोटांना मलई लागली होती. त्याला त्या पाहुण्याविषयी इतकं वाटलं, इतकं वाटलं की त्यानं शिडीवरच मान लववली. "मला कळलं रे बाबा," तो पुटपुटला. आणि मग चाळीस पानं आठवली, तेव्हा खरंच रडू आलं.

रेखाटन कसंबसं झालं. बस मिळाली. रविवारी व्हेरोनात तो स्टेशनच्या बाकावरून उठू शकला नाही. चार माणसांची ताटं एकट्यानं लख्ख केली होती तरी दिवसभर मुसळधार पाऊस पडला. ओमाला त्यानं हे कधीच सांगितलं नाही.

सोमवारी वर्गात त्यानं चाळीस पानं पिशवीतच ठेवली आणि रेखाटन फळ्यावर लावलं. निबंध एका वाक्याचा होता: "या पाहुण्याचं पोट भरलं आहे."

वर्ग खदखदून हसला. श्टोकरबाई हसल्या नाहीत. गेली जागा, हिल्कोच्या मनात आलं. ज्यांनी तीनशे पानं लिहिली त्यांच्यासमोर हे बोलायचं म्हणजे आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा!

"पुरावा?" बाईंनी विचारलं.

"मी," हिल्को म्हणाला. आणि रश्शापासून केकपर्यंत सगळं सांगितलं.

बाई रेखाटनासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मग चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "वीस वर्षांत तीनदा गेले मी त्या गावात. तिन्ही वेळा त्या बाई म्हणाल्या, आधी दोन घास खाऊन घे पोरी. तिन्ही वेळा मी म्हटलं, मी कामाला आलेय. आणि त्यांचं जेवण होईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिले. आत पाऊल टाकलं तेव्हा उजेड गेलेला असायचा."

वर्गात कुणी हसलं नाही.

"उन्हाळ्यात तुम्ही येताय आमच्याबरोबर," बाई म्हणाल्या.

हिल्कोला आकाश ठेंगणं झालं. मचाण! कापूस! चारशे वर्षांचा रंग!

"मचाणावर बाकीचे चढतील," बाई यादी काढत म्हणाल्या. "आम्हाला चावी रोज लागेल, सहा आठवडे. तेव्हा रोज दुपारी बारा वाजता हिरव्या दारात तुम्ही जायचं."

हिल्कोचा उजवा हात आपोआप उठला आणि समोरच्या वहीवर पालथा पडला.

बाईंनी चष्मा चढवून त्या हाताकडं नीट बघितलं.

"आशीर्वाद दिसतोय," त्या म्हणाल्या आणि यादीत त्याचं नाव लिहून टाकलं.