चिमण्याची जप्ती

दावा जिंकायला दत्तोबा शिंप्याला तीन वर्षं लागली, आणि जिंकल्यावर हाती काय आलं, तर एक कागद. वडगावच्या कोर्टातून तो कामशेतला आपल्या दुकानात परत आला, टोपी खुंटीला लावली, कागद गल्ल्यावर ठेवला आणि बायकोला म्हणाला, "हुकूमनामा झाला."

"आणि पैसे?" रतनबाईनं विचारलं.

"आता दरखास्त द्यायची. मग बेलीफ जाणार, जप्ती करणार. मग लिलाव. मग पैसे."

"बरं. तोवर भाकरी टाकते," असं म्हणून रतनबाई आत गेली. दत्तोबा गादीवर आडवा झाला. जिंकल्यावर माणसाला थोडंफार बरं वाटतं असं तो ऐकून होता. त्याचे नुसते पाय दुखत होते.

देणेकरी होता टाकव्याचा कोंडाजी. खाऊनपिऊन सुखी माणूस. बऱ्यापैकी भाताची खाचरं, दारात म्हैस, नांगराची जोडी. द्यायला काही नव्हतं असं नाही, फक्त देणं हे काम त्याच्या हातून होत नसे. त्याचा चिमण्या नावाचा शर्यतीचा बैल इंदुरीच्या जत्रेत पहिला आला होता. मावळात बैल पहिला आला की मालकानं गाडा जुंपणाऱ्यापासून निशाण धरणाऱ्यापर्यंत सगळ्यांना फेटे बांधायचे, अशी रीत. कोंडाजीनं त्या आनंदात दत्तोबाच्या दुकानातले फेटे गठ्ठ्यानं उचलले, चिमण्याला जरीची झूल शिवून घेतली आणि "लिवून ठिवा, शेट," असं म्हणून गेला. दत्तोबानं लिहून ठेवलं. ते अजून लिहिलेलंच होतं.

दत्तोबाला घाई होती ती निराळ्याच कारणानं. हे फेटे त्यानं स्वतः पुण्याच्या एका कापडवाल्या शेठकडून उधारीवर आणले होते, आणि त्या शेठनं दत्तोबावर दावा लावून आपला हुकूमनामा केव्हाच खिशात घातला होता. कोर्टानं दत्तोबाला चैत्रअखेरपर्यंत मुदत दिली होती. तोवर पैसे भरले नाहीत तर तोच बेलीफ दत्तोबाच्या दुकानाची पायरी चढणार होता. थोडक्यात, कोंडाजीनं दिले तर दत्तोबा वाचणार, नाहीतर बुडणार.

माघात एकदाची जप्ती निघाली. बेलीफ काळोखे निवृत्तीला टेकलेले, गुडघ्यांनी बेजार झालेले गृहस्थ. कान्ह्यापासून टाकव्यापर्यंत ते दर झाडाखाली बसले. "दत्तोबा, मला घाई नाही," ते म्हणाले. "जप्तीला गेलेल्या माणसाला कोणी चहा विचारत नाही. लवकर जाऊन करायचं काय?"

पण कोंडाजीनं चहा विचारला. त्याच्या बायकोनं, नंदाबाईनं, कपबशीतून दिला. मग बेलीफांनी वही उघडली आणि घरात नजर फिरवली.

"ही भांडी?" दत्तोबानं विचारलं.

"स्वयंपाकाची. घेता येत नाहीत."

"अंथरूण-पांघरूण?"

"नाही."

"नांगराची जोडी?"

"शेतकऱ्याचे शेतीचे बैल जप्त करता येत नाहीत. कायदा आहे."

"म्हैस?"

"ती माज्या भावजयीची हाय," कोंडाजी आदबीनं म्हणाला. "माहेरची. कागद दावू का?"

दत्तोबानं कपाळावरचा घाम पुसला. तेवढ्यात गोठ्याच्या पलीकडून कोणीतरी फुरफुरलं. छपरात एक वेगळी ओसरी बांधलेली होती, खाली मऊ पेंढा, आणि त्यावर चिमण्या उभा होता. नाव चिमण्या, पण वशिंड दाराच्या चौकटीला लागत होतं. जप्ती आल्याचं कळून एव्हाना अर्धं गाव अंगणात जमलं होतं.

काळोखे बेलीफांनी बैलाकडं पाहिलं. मग त्यांनी कान्ह्यापर्यंतच्या वाटेचा विचार केला, त्या वाटेनं हा डोंगर ओढत न्यायचा विचार केला, आणि गुडघा चोळत अगदी मायेनं विचारलं, "कोंडाजी, हा पण शेतीलाच चालतो ना?"

नंदाबाई दारातून हळूच म्हणाली, "अवो, व्हय म्हना की."

एवढं 'व्हय' म्हटलं असतं तर दत्तोबाचा हुकूमनामा तिथंच रद्दीत गेला असता. पण अंगणात अर्धं गाव उभं होतं. कोंडाजीनं मिशीवरून हात फिरवला.

"कुणाला इचारताय तुमी? चिमण्याला?" तो म्हणाला. "सायेब, ह्याच्या मानंवर आजपातुर नांगराचं जू पडलं न्हाई. आन पडायचं बी न्हाई. चिखलात चालायला हा काय रेडा हाय? लिवा तसं. ठळक लिवा."

नंदाबाईनं कपाळाला हात लावला. काळोख्यांनी सुस्कारा टाकला आणि ठळक लिहिलं.

चिमण्याला घेऊन मंडळी निघाली, तर कोंडाजीही मागोमाग. वाटभर तो दत्तोबाला सांगत होता. "सकाळच्याला दुधात अंडी फोडून द्यायची. उडदाचं पीठ रातीला भिजवायचं. पानी हिरीचं, नदीचं न्हाई. आन संध्याकाळी कुनीतरी जवळ बसून बोलायला लागतं, न्हाईतर रुसतो."

"मला कशाला सांगतोस? बेलीफांना सांग."

"छे छे," काळोखे म्हणाले. "कोर्टाला गोठा नाही. जप्तीचं जनावर मी दावेवाल्याच्याच ताब्यात देतो. लिलाव होईपर्यंत वैरण तुमची. आणि सांभाळा हं, बैल खंगला तर भरपाई तुमच्याकडून."

कान्ह्याच्या फाट्यावर दत्तोबानं ताबेपावतीवर सही केली. काळोखे वडगावकडं वळले आणि दत्तोबा आपल्या देणेकऱ्याचा बैल घेऊन कामशेतला आला.

दुकानामागं लाकडं ठेवायची जागा होती, ती चिमण्याला गेली. लाकडं दुकानात आली, दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर गेली. रतनबाईच्या घरात आजवर अंडं आलं नव्हतं. तिनं अंड्यांची टोपली बाहेरच्या कोनाड्यात ठेवायला लावली आणि सांगितलं, "ज्यानं दावा लावला त्यानंच फोडायची." दत्तोबा रोज पहाटे नाक दाबून अंडी फोडू लागला. कोंडाजी एक दिवसाआड टाकव्याहून चालत यायचा, चिमण्याच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि पीठ नीट भिजत नाही म्हणून दत्तोबाला बोल लावायचा.

"अरे, तुझंच कर्ज फेडायला मी हे करतोय," दत्तोबा एकदा वैतागून म्हणाला.

"म्हनून तर इश्वासानं सोडलाय तुमच्याकडं," कोंडाजी म्हणाला.

संध्याकाळी बैलाशी बोलायचं काम राहिलं. दत्तोबा थकून त्याच्यापाशी बसायचा आणि दुसरं काही सुचत नसल्यामुळं पुण्याच्या शेठबद्दल सांगायचा. चिमण्या कान हलवत ऐकायचा. तीन वर्षांत दत्तोबाचं एवढं कोणी ऐकून घेतलं नव्हतं, वकिलानंसुद्धा नाही. पुढं पुढं रतनबाई स्वयंपाक उरकून म्हणू लागली, "जा, तो वाट बघतोय." एके दिवशी अंड्यांची टोपली तिनंच कोनाड्यातून आणून दिली. पदरानं धरून, पण आणून दिली.

लिलाव चैत्राच्या तोंडावर झाला. कचेरीसमोर गर्दी चिक्कार, पण बोली कोणी लावीना. दुसऱ्याचा पळता बैल सरकारी लिलावात घेणं मावळात कुणाला शोभत नाही. माणसं आली होती ती चिमण्याला बघायला. बोलीदार पुढं आला तो एकच, खडकीच्या छावणीला मांस पुरवणारा कंत्राटदार. त्यानं चिमण्याच्या फऱ्यावर थाप मारली आणि आकडा बोलला. आकडा काही वाईट नव्हता. दत्तोबाचं बरंचसं येणं त्यात वसूल होत होतं.

कोंडाजी खाली बसला. चिमण्यानं मान वळवून दत्तोबाकडं पाहिलं, आणि दत्तोबाच्या कानांवर कोणाचा तरी आवाज आला. कंत्राटदाराच्या वर बोली गेली होती. बोलणारा आपणच आहोत हे त्याला जरा वेळानं समजलं.

दावा लावणाऱ्यानंच बोली लावायची तर कोर्टाची परवानगी लागते; ती त्याच्या वकिलानं धावतपळत आणली. कंत्राटदार चिडून चढत गेला, दत्तोबाही चढत गेला. शेवटी चिमण्या दत्तोबाला पडला तो कोंडाजीकडून येणं होतं त्याहून जास्त रकमेला. म्हणजे कोंडाजीचं देणं फिटलं, आणि वरची रक्कम कोर्टात रोख भरायची पाळी दत्तोबावर आली. ती कोर्ट देणार कोंडाजीला, कारण बैल त्याचा होता.

"दावा मी जिंकलोय ना?" दत्तोबानं वकिलाला विचारलं.

"पूर्ण," वकील म्हणाले.

रतनबाईनं पाटल्या काढून दिल्या. मग ती म्हणाली, "बरं झालं. खडकीला गेला असता तर मला जेवण गेलं नसतं."

आता उरला होता पुण्याचा शेठ. त्यावर तोड कोंडाजीनं सुचवली. "इंदुरीला पळवू. पहिला आला तर बक्षीस हाय रोख. जुंपतो मी, बैल तुमचा. तुमच्या नावानं चिठ्ठी टाकू." दत्तोबाला दुसरा मार्ग दिसत नव्हता. खरं सांगायचं तर त्यानं तो शोधलाही नाही.

इंदुरीच्या जत्रेत शर्यतीच्या चढाच्या वाटेवर, ज्याला घाट म्हणतात तिथं, माणूस मावत नव्हतं. चिमण्या आणि टाकव्याचे तीन असा चार बैलांचा गाडा सुटला, धूळ उठली आणि दत्तोबानं डोळे मिटले. उघडले तेव्हा त्याला कोणीतरी खांद्यावर घेतलं होतं आणि गुलालानं त्याला काही दिसत नव्हतं. ढोलकीवाला त्याच्याच नावानं आरोळी देत होता. आयुष्यात दत्तोबाचं नाव एवढ्या मोठ्यानं फक्त कोर्टाच्या पट्टेवाल्यानं पुकारलं होतं. त्याला भरून आलं.

"शेट," कोंडाजी कानाशी म्हणाला, "आता फेटं."

"फेटे?"

"रीत हाय. मालकानं बांधायचं. तुमचं तर दुकानच हाय."

बक्षिसाच्या पैशात वाजंत्री, गुलाल आणि गावजेवण झालं. फेटे दुकानातून गेले. जुंपणाऱ्याला, निशाणवाल्याला, ढोलकीवाल्याला, इंदुरीच्या पाटलाला, टाकव्याहून आलेल्या मंडळींना. कोंडाजीला दत्तोबानं स्वतःच्या हातानं बांधला, जरीकाठी. फळ्या रिकाम्या झाल्या तेव्हा चैत्र संपायला आला होता.

मुदत टळली आणि काळोखे बेलीफ दुकानाची पायरी चढले. बरोबर पुण्याच्या शेठचा गुमास्ता, काखेत छत्री, नाकाला रुमाल. शेजारपाजारचे दुकानदार जमले. कोंडाजी पीठ भिजवायला आलेलाच होता.

"शिवणयंत्र?" गुमास्त्यानं विचारलं.

"कारागिराचं हत्यार. घेता येत नाही," काळोखे म्हणाले.

"कापड?"

काळोख्यांनी फळ्यांकडं बोट दाखवलं. फळ्यांवर दोन मांजरपाटाची ठाणं आणि एक मांजर होतं.

मागल्या दारानं फुरफुर ऐकू आली. सगळे तिकडं गेले. चिमण्या जरीची झूल पांघरून उभा होता. अंगावरचा गुलाल रतनबाईनं अजून पुसू दिला नव्हता.

काळोख्यांनी दत्तोबाकडं पाहिलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांना माणसं कळत होती. ते गुमास्त्याकडं पाठ करून अगदी सावकाश म्हणाले, "दत्तोबा, तुम्ही बाजाराला माल नेता, तो याच्याच गाडीतून ना? स्टेशनावरचे कापडाचे गठ्ठे हाच ओढतो ना? मग धंद्याचं साधन म्हणून लिहितो मी. पुढचं साहेब बघतील. नुसतं हो म्हणा."

"अहो, हो म्हणा," दारातून रतनबाई म्हणाली.

दत्तोबानं तोंड उघडलं. 'हो' अगदी ओठावर आलं होतं. त्यानं चिमण्याकडं पाहिलं, शेजाऱ्यांकडं पाहिलं. त्यातल्या दोघातिघांच्या डोक्यावर अजून त्याचेच फेटे होते.

"गठ्ठे?" तो म्हणाला. "काळोखेभाऊ, इंदुरीचा घाट मारलेला बैल हा. हा स्टेशनावर हमाली करणार? ओझ्याच्या गाडीचं जू याच्या मानेला लागलेलं नाही. तसंच लिहा."

कोंडाजीनं मान खाली घातली. काळोख्यांनी सुस्कारा टाकला आणि ठळक लिहिलं.

ताबेपावतीवर गुमास्त्यानं सही केली. वडगावच्या रस्त्याला चिमण्या पुढं, मागं काळोखे आणि गुमास्ता, त्यांच्या मागं दत्तोबा आणि कोंडाजी. रतनबाई वेशीपर्यंत आली, बैलाच्या कपाळावरून हात फिरवला आणि मागं न बघता परतली. दत्तोबाला सांगणं भाग होतं.

"सकाळी दुधात अंडी," तो गुमास्त्याला म्हणाला. "उडदाचं पीठ रात्री भिजवायचं. पाणी विहिरीचं."

"आन संध्याकाळी जवळ बसून बोलायचं," कोंडाजी म्हणाला.

कान्ह्याच्या फाट्याशी गुमास्त्यानं नाकावरचा रुमाल काढला. मग छत्री दुसऱ्या काखेत घेऊन चिमण्याच्या वशिंडाला एक बोट लावून पाहिलं. चिमण्यानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

"पळतो कसा हो हा?" गुमास्त्यानं विचारलं.

कोंडाजीनं सांगितलं. दत्तोबानं मधेमधे भर घातली. काळोखे दोनदा झाडाखाली बसले तरी ते सांगणं संपलं नव्हतं.

"आणि पहिला आला की सगळ्यांना फेटे बांधायचे, होय ना?" शेवटी गुमास्ता म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "मग काय, फेट्यांना काही तोटा नाही. शेठच्या माळ्यावर नुसते गठ्ठे पडलेत."

तीन वर्षं ज्याच्या नावानं दत्तोबानं बोटं मोडली होती, त्या पुण्याच्या शेठची त्याला पहिल्यांदाच दया आली.