उकंडरावांची अट

"तुमी मायकडून कोनचे?"

उकंडराव ढोरे हा प्रश्न प्रत्येकाला विचारतात. नाव नंतर, गाव त्याच्या नंतर, कामाचं तर सगळ्यात शेवटी. मी या गावच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि त्यांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं. सामानाचा टेम्पो अजून दारातच होता, तेवढ्यात कुंपणापलीकडून त्यांनी मला हाच प्रश्न टाकला. मी म्हटलं, आईचं माहेर कौंडण्यपूर. त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहून घेतलं.

"म्हन्जे रुक्मिनीच्या माहेरचे. वान चांगला हाये. पन खुरात कमजोर दिसता."

माझे तळवे सपाट आहेत. हे त्यांनी माझ्या चालण्यावरून ओळखलं होतं. त्या दिवशी मला या माणसाचा राग आला आणि पुढचा आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ते दिवसभर म्हशींशी बोलत होते.

आमचं गाव पूर्णेच्या काठचं, दर्यापूर तालुक्यातलं. सगळा खारपाणपट्टा. विहिरीच्या पाण्याचा चहा केला तर त्यात साखर किती घालावी हा प्रश्नच सुटत नाही. या पाण्यावर तग धरणारी म्हैस म्हणजे आमची भुरी. सरकारी कागदात तिला पूर्णाथडी म्हणतात. अंग दुधात चहा सांडल्यासारखं, पाय खालून पांढरे, शिंगांची टोकं आकड्यासारखी वळलेली. उकंडराव आयुष्यभर याच म्हशी पाळत आणि विकत आले, आणि त्यातही फक्त अस्सल.

अस्सल म्हणजे काय, हे त्यांच्याकडून एकदा ऐकावं. म्हशीच्या आईचं नाव, मग तिच्या आईचं. हे सगळं तोंडपाठ. आमच्या शाळेतल्या मुलांना पाढे येत नाहीत, पण उकंडरावांच्या गोठ्यातली वंशावळ येते, कारण ते येताजाता घोकून घेतात. कानात पिवळा बिल्ला मारायला सरकारी माणूस आला होता तेव्हा त्यांनी तो बिल्ला हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"बारा आकडे हायेत," ते म्हणाले, "अन् मायचं नाव एकात बी नाई."

जनावरांचे डॉक्टर भला माणूस. त्यांनी सुचवलं की एखादीला हरयाणातल्या मुऱ्हा जातीचं रेतन करून पाहू, दूध वाढेल. उकंडरावांनी शांतपणे विचारलं, "डाक्टर, तुमची बायको कोनची?" डॉक्टर म्हणाले, मामाचीच मुलगी. "मंग? हरयान्याची काहून नाई केली? उंच राह्यली असती." डॉक्टरांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारात आला. त्याच्या लेखी मोठं घराणं, त्यामुळे मायकडून कोण विचारल्यावर त्यानं वडिलांचं नाव सांगितलं, मग आजोबांचं. उकंडरावांनी मान हलवली. "रेड्याचं नोका सांगू बापा. म्हशीचं सांगा." उमेदवाराच्या मागे उभी असलेली माणसं हसू दाबताना वाकडी झाली. मला वाटतं त्या एका वाक्यानं त्याची गावातली निम्मी मतं गेली.

विक्रीची त्यांची पद्धत वेगळीच. गिऱ्हाईक म्हैस पाहायला येतं, आणि उकंडराव गिऱ्हाईक पाहतात. आधी मायचा प्रश्न. मग गोठा कुठं, पाणी खारं की गोड, घरात म्हशीशी बोलणारं कोण आहे. हे जमलं तर पुढचं बोलणं. म्हैस देताना दावं द्यायचं नाही, हा रिवाज आमच्याकडे पुष्कळ जण पाळतात, पण उकंडरावांनी ती दावी जपून ठेवली आहेत. गोठ्याच्या भिंतीला खुंट्यांची रांग, आणि प्रत्येक खुंटीवर एक जुनं दावं. हे रंगीचं, हे मैनीचं, हे लंगडीच्या थोरलीचं. माझ्या बायकोनं एकदा गोठा झाडायला मदत करताना त्यांतलं एक खाली पडलेलं दावं सरपणात टाकलं. त्यांनी ते चुलीपाशी जाऊन उचलून आणलं आणि दोन दिवस आमच्याकडे ताक पाठवलं नाही.

शेवटची अट सगळ्यात विचित्र. "म्हैस पटली नाई, का ठेवनं झालं नाई, तं दुसऱ्याले देजो नोका. मले सांगजा. तुमचे पैसे देईन, वरून सूपभर जवारी देईन, अन् घेऊन येईन."

सूपभर ज्वारी कशाला, हे कुणाला कळायचं नाही. लोक हसायचे आणि हो म्हणायचे. मीही हसायचो. एकदा अंजनगावाकडच्या एका घरातून निरोप आला की म्हैस परत न्या. उकंडराव टेम्पो करून निघाले, मला सोबत घेतलं, आणि सगळा रस्ता मांडीवर ज्वारीनं भरलेलं सूप धरून बसले. खड्ड्याखड्ड्याला दाणे माझ्या पायजम्यात जात होते. मी चिडून म्हटलं, "पिशवीत का नाही आणली?" ते म्हणाले, "रिवाज सुपाचा हाये." त्या घरात पोचल्यावर त्यांनी ते सूप घरधनिणीच्या पदरात रितं केलं, मगच दाव्याला हात लावला. येताना ते टेम्पोच्या मागच्या हौद्यात म्हशीजवळ उभे होते. तिच्याशी काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही.

समोरच्या घरात शांताबाई गवळीण राहायच्या, अजूनही राहतात. वय ऐंशीच्या आसपास, नजर मात्र घारीची. कुठलीही म्हैस व्याली की पहिल्या चिकाचा तांब्या उकंडराव स्वतः त्यांच्या घरी नेऊन द्यायचे. त्या त्यांना भाऊजी म्हणायच्या. गावात सगळेच एकमेकांचे काही ना काही लागतात, म्हणून मी त्यात कधी खोल गेलो नाही.

मग उकंडरावांचे गुडघे गेले. बायको आधीच गेली होती. एकुलती मुलगी वनिता अमरावतीला दवाखान्यात परिचारिका आहे. ती दर आठवड्याला फोन करायची, "बाबा, इकडे या, गुडघ्याचं ऑपरेशन करून घेऊ, माझ्याकडेच राहा." एकेक करत म्हशी गेल्या आणि शेवटी चंद्री तेवढी उरली. उकंडरावांचं ठरलेलं उत्तर होतं, "चंद्रीले गिऱ्हाईक भेटू दे. मंग पाहू."

गिऱ्हाईक भेटत नव्हतं असं नाही. मीच चंद्रीचा फोटो मोबाइलवरच्या पशुपालकांच्या ग्रुपवर टाकला होता आणि माझा फोन वाजून वाजून गरम झाला. अकोल्याचा एक डेअरीवाला आला, त्यानं पहिलाच प्रश्न केला, किती लिटर? उकंडरावांनी त्याला पाणी पाजलं आणि परत पाठवलं. सेमाडोहकडे पर्यटकांसाठी खोल्या बांधलेला एक जण आला. त्याला अंगणात बांधायला देशी म्हैस हवी होती, शहरातली माणसं फोटो काढतील म्हणून.

"तिकडं तं लोक वाघ पाहाले येतात ना?"

"हो, पण वाघ रोज दिसत नाही."

"मंग म्हशीले काहून वाघाच्या ड्यूटीवर लावता?"

अशी दोन वर्षं गेली. वनिता माझ्यावर वैतागली. "मास्तर, तुम्ही त्यांना समजवा ना. त्यांना यायचंच नाही. म्हैस नुसती नावाला." मला तिचं पटत होतं. हा माणूस घाबरतो, असं माझं मत झालं होतं, आणि मी ते एकदा रागाच्या भरात त्यांना बोलूनही दाखवलं. ते गुडघ्याला तेल चोळत बसले.

पोळा झाल्यावर हिवरखेडहून एक माळ्याचं जोडपं आलं. घरची पालक-मेथी, थोडा झेंडू. नवरा मुखदुर्बळ. बायको, गोदाबाई, माझ्याकडे किंवा उकंडरावांकडे न पाहता थेट चंद्रीकडे गेली आणि सोबत आणलेली मेथीची जुडी तिच्यापुढे धरली. उकंडरावांनी मायचं विचारलं. तिनं आईचं नाव आणि गाव सांगितलं, आणि लगेच विचारलं, "हिची माय?"

"रंगी."

"रंगीची?"

"लंगडी."

"लंगडीची?"

उकंडराव थांबले. इतक्या वर्षांत हा प्रश्न उलट त्यांना कुणी विचारला नव्हता. "तिथून मांगचं मले नाई मालूम," ते म्हणाले, आणि मला कळलं की म्हैस विकली गेली.

दावं सोडून ठेवलं. मग त्यांनी आपली अट सांगितली. गोदाबाई हसली नाही. तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"हा तं पोर सोडवाचा रिवाज हाये. ज्याईचे लेकरं जगत नाई त्याईचा. तुमचं नाव उकंडा ना?"

"हौ."

"तुमाले कितीत सोडवलं होतं?"

"मले नाई सोडवलं," उकंडराव म्हणाले, आणि चंद्रीच्या पाठीवर थाप मारून तिला टेम्पोकडे वळवलं.

टेम्पो गेला. आम्ही दोघं रिकाम्या गोठ्याच्या दगडावर बसलो. भर दुपार होती. ते आपणहून बोलायला लागले.

त्यांच्या आईची पहिली तीन मुलं गेली. चौथे हे. जन्मल्याबरोबर यांना उकंड्यावर, म्हणजे शेणाच्या ढिगावर, ठेवलं, हे कुणालाच नको असलेलं पोर आहे असं वाटावं आणि मरणाची नजर जाऊ नये. समोरच्या सारजा गवळणीनं यांना उचललं. पोर तिचं झालं. पाच वर्षांचं झालं की आईनं सूपभर ज्वारी देऊन ते परत विकत घ्यायचं, असं ठरलं. दूध आईचंच प्यायचे, राहायचे आपल्याच घरात. फक्त मालकी सारजेची. हे तीन वर्षांचे असताना आई गेली.

"बाप म्हने, कायची जवारी, पोरगं तं घरातच हाये. राहूनच गेलं. सारजामाय मले पाहे तवा म्हने, माहा उकंडा. हासून म्हने, पन म्हने. ते बी गेली. आता शांतावैनी तिची सून. म्हन्जे मी त्याईचाच हावो ना, मास्तर?" ते माझ्याकडे वळले. "सांगा बरं. दुसऱ्याचं जनावर न सोडवता गावाबाहेर राहाले कसं न्याव?"

मी मास्तर आहे. मला यावर हसून चार शहाण्या गोष्टी सांगता आल्या असत्या. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली. दोन वर्षं मी या माणसाला भित्रा समजत होतो, आणि तो बहात्तराव्या वर्षीही कुणीतरी आपल्याला न्यायला येईल म्हणून थांबला होता.

मी वनिताला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सूप मिळतं का हो अजून कुठे?"

पुढच्या रविवारी सकाळी ती गाडी करून आली. सूप नवं होतं, बुरडाकडून घेतलेलं, त्यात काठोकाठ ज्वारी. वडिलांच्या घरी न जाता ती थेट शांताबाईंच्या ओसरीवर गेली. मी वनिताच्या सांगण्यावरून उकंडरावांना हाताला धरून तिथं घेऊन आलो. त्यांनी सूप पाहिलं आणि ते तिथंच, पायरीखाली, खाली मान घालून उभे राहिले. मी त्यांना असं उभं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या गोठ्यातून निघणारी म्हैस तेवढी अशी उभी राहायची.

"काकू, मी माझ्या बाबांना सोडवायला आले," वनिता म्हणाली.

शांताबाईंनी सगळं लगेच ओळखलं. त्यांनी घाई केली नाही. खाटेवर नीट बसल्या, पदर सावरला.

"तू मायकडून कोनची?"

वनितानं आईचं नाव सांगितलं, आजीचं सांगितलं, पणजीचंही. ती उकंडरावांचीच मुलगी, तिला ते येणारच. शांताबाईंनी पदर पसरला. वनितानं सूप रितं केलं. काही दाणे ओसरीवर सांडले, तेही त्यांनी वेचून घेतले.

"न्या," त्या म्हणाल्या. "पन दावं इथंच राहीन."

उकंडरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. किती वर्षांचा कोण जाणे, त्याला म्हशीचा वास होता. पायरी चढायला त्यांना वेळ लागला, पण त्यांनी कुणाचा हात घेतला नाही. शांताबाईंच्या ओसरीवर दाराजवळ एक खुंटी होती. त्यांनी दुपट्टा तिच्यावर अडकवला, आणि खाली ओढून पाहिला, पक्का बसला का.

गाडीत बसताना त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही. शांताबाई काठी टेकत गाडीपर्यंत आल्या. वनिताला म्हणाल्या, "पाय बिलकुल बरा करजो. अन् पटला नाई, का ठेवनं झालं नाई, तं दुसऱ्याले देजो नोको. आमाले सांगजो."

वनिता काही बोलण्याआधी मागच्या सीटवरून उकंडरावच म्हणाले, "हौ वैनी."