माणिकप्पाची घरपोच दुरुस्ती

लोहाऱ्याच्या एका कॉलेजात क्लार्क असलेल्या माणिकप्पानं एका मंगळवारी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद दोन बोटांनी ओढून काढला आणि प्रिंटर सुरू झाला. प्राचार्य म्हणाले, "माणिकप्पा, तुमच्या हातात काहीतरी आहे बरं का." (हातात शाई होती. पण प्राचार्यांना तसं म्हणायचं नसावं, असं माणिकप्पाचं मत पडलं.) संध्याकाळी घरी पोचेपर्यंत त्याचा निर्णय पक्का झाला होता. दर रविवारी घरोघर जाऊन लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे.

बायको महानंदा शेंगा फोडत बसली होती. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमाला येतंय का?"

"त्यात काय असतंय? बंद करायचं, चालू करायचं. न्हायच जमलं तर फॉरमॅट मारायचं."

"म्हंजी काय?"

"आतलं समदं पुसून नवं टाकायचं."

"आन् लोकांचं आत असंल ते?"

"ते आधी काढून ठेवायचं असतंय," माणिकप्पा म्हणाला. हे त्यानं त्याच दिवशी दुपारच्या डब्याच्या सुट्टीत मोबाईलवर पाहिलं होतं.

पुढच्या चार दिवसांत त्यानं असले अकरा व्हिडिओ पाहिले, एक स्क्रूड्रायव्हरचा संच आणला, धूळ उडवायचा छोटा ब्लोअर आणला, हे सगळं मावेल अशी काळी बॅग आणली आणि व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं : 'घरपोच कॉम्प्युटर दुरुस्ती. एकदा बोलवा, पुन्हा बोलवायची वेळ येणार नाही.'

पहिला फोन माकणीहून आला. फोन करणारे आबाराव गुरुजी, चौथीला माणिकप्पाला शिकवलेले. निवृत्तीनंतर ते आत्मचरित्र लिहीत होते. वडिलांनी गाव सोडून केलेली मजुरी, छप्पन साली घेतलेली दीक्षा, स्वतःची शाळा, नोकरी, असं सगळं मिळून दोनशे चौदा पानं झाली होती. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, पुस्तक निघायचं होतं. प्रेसवाल्याला फाईल द्यायला पंधरा दिवस उरले होते आणि कॉम्प्युटर इतका संथ झाला होता की, तो चालू होईपर्यंत मालनबाईंचा, म्हणजे गुरुजींच्या मंडळींचा, चहा होऊन कपबशा धुऊनही व्हायच्या.

रविवारी सकाळी माणिकप्पा जीपमधून माकणीला उतरला. त्यानं कॉम्प्युटरच्या पेटीवर कान ठेवला, डॉक्टर ठेवतात तसा. मग मान हलवली.

"व्हायरस हाय, गुरुजी. फॉरमॅट मारावं लागंल."

"माझ्या पुस्तकाला काही होणार नाही ना रे?"

"आधी पेन ड्राईव्हवर घेतो की."

पडद्यावर 'माझी वाटचाल' नावाचं चित्र समोरच दिसत होतं. माणिकप्पानं ते उचलून पेन ड्राईव्हवर टाकलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत काम झालं.

शेजारी उभ्या असलेल्या मालनबाई म्हणाल्या, "एवढं दोनशे पानाचं पुस्तक एका घडीत आलं व्हय रे?"

"काकू, हा नव्या पद्धतीचा पेन ड्राईव्ह हाय."

मालनबाई भाकरी टाकायला आत गेल्या. माणिकप्पानं फॉरमॅट मारलं.

तीन तासांनी नवी सिस्टीम बसली. कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळू लागला. गुरुजी खूश झाले. माणिकप्पा तर इतका खूश झाला, की सोबत आणलेल्या हार्ड डिस्कवरचे एकशे चाळीस जुने सिनेमे त्यानं आपल्या मनानं गुरुजींच्या कॉम्प्युटरवर भरून दिले. पहिलंच गिऱ्हाईक, त्यात गुरुजी. ते सिनेमे जाईपर्यंत त्यानं मालनबाईंच्या हातच्या तीन भाकरी, शेंगाची चटणी आणि वाटीभर आमटी संपवली. मग हात धुऊन पेन ड्राईव्ह जोडला आणि 'माझी वाटचाल'वर दोनदा टिचकी मारली.

फाईल सापडत नाही, असं कॉम्प्युटरनं कळवलं.

त्या चित्राच्या कोपऱ्यात एक इवलासा बाण होता. तसा बाण असला की ती फाईल नसते, फाईल कुठं आहे हे दाखवणारी नुसती खूण असते. हे बाराव्या व्हिडिओत होतं. थोडक्यात, माणिकप्पानं गुरुजींचं घर पाडलं होतं आणि 'गुरुजींचे घर इकडे' ही पाटी तेवढी जपून ठेवली होती.

"काय झालं?" गुरुजींनी विचारलं.

"काय न्हाय. थोडं टेक्निकल हाय. मशीन घेऊन जातो."

जीपमध्ये तो ती पेटी मांडीवर घेऊन बसला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो पेटीसकट एसटीनं लातूरला गेला. तिथं पुसलेल्या फाईली परत काढून देणारा एक जण होता. त्यानं दोन तास झटापट केली आणि विचारलं, "फॉरमॅटनंतर यात काय भरलं का?"

"पिक्चर."

"किती?"

"एकशे चाळीस."

"मग पुस्तक त्येंच्याखाली गाडलंय. आता देव आला तरी निघणार न्हाय."

महानंदाला त्यानं सगळं सांगितलं. ती हसली नाही, त्यामुळं त्याला जास्तच भीती वाटली. ती एवढंच म्हणाली, "उद्याच जावा. म्हातारा माणूस वाट बघत असंल."

माकणीपर्यंत माणिकप्पानं मनाशी चार वाक्यं जुळवली. त्यात 'हार्ड डिस्क क्रॅश' होतं, 'बॅड सेक्टर' होतं, विजेचा दाबही होता. पण ओसरीवर चष्मा पुसत बसलेले गुरुजी दिसले आणि एकही वाक्य जागेवर राहिलं नाही.

"गुरुजी, पुस्तक गेलं. म्या घालवलं."

गुरुजींनी चष्मा घातला. परत काढला. "सगळं?"

"समदं."

"दोन वर्षं लागली रे," गुरुजी हळूच म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. माणिकप्पा चौथीत उभा राहायचा तसा भिंतीला टेकून उभा राहिला.

मालनबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "कुठं जातंय? प्रीतीकडं हाय की."

प्रीती ही त्यांची मुलगी, पुण्यात प्राध्यापक. गुरुजींचा हात थरथरायचा म्हणून ते तोंडी सांगायचे, सगळं टाईप मालनबाई करायच्या, आणि प्रत्येक प्रकरण झालं की गुपचूप तिला मोबाईलवर पाठवायच्या.

"गुपचूप कशाला?" गुरुजींनी विचारलं.

"ती चुका काढून परत पाठवायची. तुमाला चुका काढलेल्या चालत न्हायत."

गुरुजींचा चेहरा मघापेक्षा जास्त पडला. आपली भाषा उतारवयात सुधारली, असं गेली दोन वर्षं ते ओळखीच्या सगळ्यांना सांगत होते.

माणिकप्पानं आता भिंत सोडली. तो तिथंच बसला. "काकू, तुमी त्या दिवशी शंका काढली व्हती. मग पुढं का बोलला न्हाय?"

"तू एवढा ठाम बोलायलास," मालनबाई म्हणाल्या. "मला वाटलं, पोरगं शिकून आलंय."

पुस्तक दसऱ्याला निघालं. प्रकाशनाच्या भाषणात गुरुजींनी हा सगळा प्रसंग, लातूरच्या माणसासकट, अगदी रंगवून सांगितला. माणिकप्पाचं नावही प्रेमानं दोनदा घेतलं. समोर निम्मा तालुका बसला होता. आता कुणी आपल्याला कॉम्प्युटरची वायरसुद्धा दाखवणार नाही, हे माणिकप्पानं ओळखलं आणि काळी बॅग महानंदाला बाजाराला देऊन टाकली.

चौथ्या दिवशी फोन वाजला. अनोळखी माणूस होता. कुठल्याशा संस्थेचा सचिव आहे म्हणाला, संस्थेचं नाव सांगायचं टाळलं.

"घरपोच दुरुस्तीवाले माणिकप्पा तुमीच का?"

"व्हय," माणिकप्पा खुर्चीत सावरून बसला. त्याचा आवाज आपोआप भारदस्त झाला. "बोला, काय बिघडलंय?"

"बिघडलं काय न्हाय, चांगलं चाललंय. पण सोमवारी आमच्याकडं चौकशी समिती यायली." पलीकडचा आवाज खाली आला. "तुमी हात लावलेलं लातूरलाबी सापडत न्हाय म्हणं. रविवारी याल का?"